रेघ कुठून सुरू होते, ते आधी पाहा!

तुमच्या घरी कापूस आहे का? नसेल तर मामाकडे असेल. मामाकडेही नसेल तर हॉस्टेलच्या रूममेटकडे नक्की असेल. अमरावती-अकोल्यात राहून कापसाशी काहीच घेणंदेणं नाही असा माणूस शोधायचा म्हटलं तर तोच एक वर्षभराचा प्रोजेक्ट होईल. म्हणून आज एक काम करा. वहीचं मागचं पान उघडा आणि हे तेरा आकडे उतरवून घ्या.

४०००, ४०५०, ४१००, ४१६०, ४३२०, ५४५०, ५५५०, ५८२५, ६०२५, ६३८०, ७०२०, ७५२१, ८११०.

हा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव आहे, रुपये प्रति क्विंटल. पहिला आकडा २०१३-१४ च्या हंगामाचा, शेवटचा २०२५-२६ चा. केंद्र सरकार दरवर्षी तो जाहीर करतं आणि सगळ्या पेपरांत छापून येतो, म्हणजे यात गुपित काहीच नाही. पण याच तेरा आकड्यांवर चहाच्या टपरीवर भांडणं होतात. एकजण म्हणतो, ‘भाव दुप्पट झाला राजेहो!’ दुसरा म्हणतो, ‘कायचा दुप्पट? काही वाढलं नाही.’ मग दोघंही मोबाइल काढतात आणि एकमेकांना एकेक ग्राफ दाखवतात. गंमत अशी, की दोन्ही ग्राफ खरे असतात.

हे कसं होतं ते वाचून पटणार नाही. स्वतः काढून पाहिलं की पाच मिनिटांत पटतं. त्यासाठी पैसे लागत नाहीत, कम्प्युटर सायन्सला ॲडमिशनही लागत नाही.

अकरावीतला तो ग्राफ पेपर आठवतो ना? कोपऱ्यात ‘प्रमाण : क्ष-अक्षावर १ सेंमी = अमुक एकक’ लिहायचं विसरलं की सरळ एक मार्क जायचा. तेव्हा वाटायचं, सर उगाच छळतात. हा लेख खरं तर त्या एका मार्काबद्दलच आहे.

ग्राफ काढायचं आजचं सर्वांत ओळखीचं साधन म्हणजे पायथन भाषेतली मॅटप्लॉटलिब नावाची लायब्ररी. लायब्ररी म्हणजे कुणीतरी आधीच लिहून ठेवलेला कोड. आपण तो आपल्या प्रोग्राममध्ये बोलावून घ्यायचा आणि वापरायचा. ही बनवली जॉन हंटर नावाच्या अमेरिकन संशोधकाने, आणि तो काही सॉफ्टवेअर कंपनीतला माणूस नव्हता. अपस्माराच्या, म्हणजे फिट्स येणाऱ्या रुग्णांच्या मेंदूतले विद्युतसंकेत तो अभ्यासत होता. असे ग्राफ काढायला तेव्हा मॅटलॅब नावाचं विकतचं सॉफ्टवेअर वापरायचे. हंटरने तशीच सोय पायथनमध्ये स्वतःपुरती लिहायला घेतली आणि २००३ मध्ये ती सगळ्यांसाठी फुकट खुली केली. नावातला ‘मॅट’ तिथूनच आला. २०१२ मध्ये, वयाच्या ४४ व्या वर्षी, कॅन्सरच्या उपचारांदरम्यान तो गेला. लायब्ररी चालूच राहिली. २०१९ मध्ये कृष्णविवराचं पहिलं चित्र जगाने पाहिलं, त्यामागच्या कामातही ती होती. तीच लायब्ररी बडनेऱ्याच्या वेटिंग रूममध्ये बसून तुमच्या फोनवर चालते. गुगल कोलॅब ब्राउझरमध्ये उघडायचं, बस्स. लॅबमधला पीसी सुरू व्हायला दहा मिनिटं घेतो ही सबब आता चालणार नाही.

कोड किती? लॅबमध्ये एकमेकांना सांगतो तसंच सांगतो. पहिली ओळ, ‘इम्पोर्ट मॅटप्लॉटलिब डॉट पायप्लॉट ॲज पीएलटी’. मग चौकटी कंसात वर्षांची एक यादी आणि भावांची दुसरी. चौथी ओळ ‘पीएलटी डॉट प्लॉट’, कंसात दोन्ही याद्यांची नावं. पाचवी ‘पीएलटी डॉट शो’. पाच ओळींत रेघ आली.

आता ती रेघ नीट पाहा. डावीकडच्या खालच्या कोपऱ्यातून निघून उजवीकडच्या वरच्या कोपऱ्यात जाते. एखाद्याला वाटेल, कापसाने काय झेप घेतली! पण डाव्या अक्षाकडे बघा. तो शून्यापासून सुरूच होत नाही, ३८०० च्या आसपास सुरू होतो. हे कुणी मुद्दाम केलेलं नाही. ‘प्लॉट’ला तुम्ही काही सांगितलं नाही, तर सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत मोठा आकडा बघून, दोन्हीकडे थोडी जागा सोडून तो स्वतःच चौकट ठरवतो. तुमची रेघ नेहमी चौकटभर पसरणार. भाव चार हजाराने वाढला तरी तेवढीच पसरेल आणि चाळीस रुपयांनी वाढला तरी तेवढीच.

आता ‘प्लॉट’च्या जागी ‘बार’ लिहा. तेरा स्तंभ उभे राहतील आणि या वेळी अक्ष शून्यापासून निघेल. शेवटचा स्तंभ पहिल्याच्या दुपटीहून किंचित जास्त उंच. ४००० चे ८११०. हे प्रामाणिक चित्र.

आणि आता जरा लबाडी करू. एक ओळ वाढवा, ‘पीएलटी डॉट वायलिम’, कंसात ३८०० आणि ८२००. म्हणजे स्तंभ ठेवले, पण त्यांचे पाय कापले. पहिल्या स्तंभाची उंची उरली २०० ची, शेवटच्याची ४३१० ची. भाव वाढला दुप्पट, डोळ्याला दिसतोय एकवीसपटीहून जास्त. एकही आकडा खोटा नाही. अक्षावर ३८०० स्पष्ट लिहिलंय, पण फोनच्या स्क्रीनवर ते वाचतं कोण?

रेघेचा अक्ष शून्यापासून नसला तर एकवेळ चालतं, कारण रेघेत आपण चढ-उतार बघतो. अकोल्याच्या तापमानाची रेघ शून्य अंशापासून काढली तर मे आणि जानेवारी शेजारी-शेजारी दिसतील, त्यात काय अर्थ? पण स्तंभात आपण उंची मोजतो. स्तंभाचे पाय कापणं म्हणजे वजनकाट्यावर बोट ठेवणं. स्तंभालेख दिसला की आधी खाली बघायची सवय लावून घ्या.

आता दुसरी करामत, आणि ही जास्त चलाख आहे, कारण हिच्यात अक्षालाही हात लावावा लागत नाही. तेरा आकडे परत बघा. पाचवा ४३२० आणि सहावा ५४५०. २०१८-१९ च्या हंगामात एकदम ११३० रुपयांची उडी आहे, २६ टक्क्यांची. त्याआधीच्या चार वर्षांत मिळून भाव जेमतेम आठ टक्के वाढला होता. ही उडी कुठून आली? फेब्रुवारी २०१८ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात हमीभाव उत्पादन खर्चाच्या किमान दीडपट ठेवण्याची घोषणा झाली होती, त्यानंतरचे हे भाव. (दीडपट म्हणजे कोणत्या खर्चाच्या दीडपट, हा वाद वेगळा आहे आणि तो अजून मिटलेला नाही. घरी विचारा, जेवण थंड होईपर्यंत उत्तर मिळेल.)

तर समजा, वाढ खूप झाली असं मला दाखवायचंय. मी माझा ग्राफ २०१७-१८ पासून सुरू करतो. ४३२० वरून ८११०, म्हणजे ८८ टक्के वाढ. तुम्हाला उलटं दाखवायचंय. तुम्ही फक्त एक वर्ष पुढे सरका आणि २०१८-१९ पासून सुरू करा. ५४५० वरून ८११०, वाढ ४९ टक्के. एक वर्ष वगळलं आणि वाढ जवळपास निम्मी झाली! दोघांनीही सरकारी आकडेच वापरले. टपरीवरच्या त्या दोन ग्राफांचं रहस्य बहुतेक वेळा एवढंच असतं.

यावर उपाय म्हणून मी तरी भावाऐवजी दरवर्षीच्या टक्केवारीचे स्तंभ काढतो. पहिली तीन वर्षं सव्वा-दीड टक्क्याचे बुटके स्तंभ, मग चार, मग एकदम २६ चा मनोरा, त्याच्या शेजारी लगेच दोन टक्क्यांहून कमी, पुढे पाच, साडेतीन, सहा, दहा, सात, आठ. हा ग्राफ दिसायला सुंदर नाही. पण कुठल्या वर्षी काय झालं ते तो लपवत नाही, आणि सुरुवातीचं वर्ष बदललं तरी मनोरा आहे तिथेच राहतो. बारा वर्षांची सरासरी काढली तर वर्षाला सहा टक्के येते. आता तुमच्या घरी बियाणं, खतं, फवारणी, वेचणीची मजुरी यांचं काय झालं ते तुम्हीच शेजारी लावून बघा.

एक रस्ता, दोन किलोमीटर

आकड्यांइकतंच एककही फसवतं. आपल्याच रस्त्याचं उदाहरण घ्या. जून २०२२ मध्ये अमरावती ते अकोला राष्ट्रीय महामार्गावर सलग डांबरीकरणाचा गिनेस विक्रम झाला. ३ जूनला सकाळी ७ वाजून २७ मिनिटांनी काम सुरू झालं, ७ जूनला संध्याकाळी ५ वाजता संपलं. १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर. आधीचा विक्रम कतारमधल्या दोह्याचा होता, २५.२७५ किलोमीटरचा. त्या आठवड्यात प्रत्येकाच्या स्टेटसवर हेच होतं आणि अभिमान वाटण्यासारखंच होतं.

पण याचा स्तंभालेख काढताना डाव्या अक्षावर काय लिहाल? नुसतं ‘किलोमीटर’ लिहिलंत, तर वाचणारा समजेल की अमरावतीहून निघालेला माणूस ७५ किलोमीटर पूर्ण नव्या रस्त्यावरून गेला. खरं तर हे ७५ किलोमीटर एका लेनचे. जाहीर झालं तेव्हाच स्पष्ट सांगितलं होतं, की दोन लेनचा रस्ता धरला तर ते ३७.५ किलोमीटर होतात. विक्रम याने तसूभर कमी होत नाही, पण ‘वायलेबल’मध्ये ‘एकपदरी किलोमीटर’ असे दोन शब्द जास्त टाकायला काही पैसे पडत नाहीत.

आणि स्तंभांऐवजी रोड रोलरचं चित्र लावायचा मोह झाला तर आवरा. ७५ हे २५ च्या तिप्पट. रोलर तिप्पट उंच केला की तो तिप्पट रुंदही होतो आणि कागदावर नऊपट जागा खातो. पोस्टर स्पर्धेत हा प्रकार दरवर्षी बघायला मिळतो. कधी कधी बक्षीसही घेऊन जातो!

वृत्तालेखाबद्दल, म्हणजे पाय चार्टबद्दल मी एकच वाक्य बोलणार आहे. तीनपेक्षा जास्त तुकडे असतील तर काढू नका.

कापूस की सोयाबीन?

हा प्रश्न तुमच्या घरी दर मे महिन्यात निघत असेल. मग कुणीतरी दोन्हींच्या भावाच्या रेघा एकाच ग्राफवर काढतो. सोयाबीनचा हमीभाव २०१३-१४ मध्ये २५६० होता, २०२५-२६ मध्ये ५३२८ झाला. कापसाची रेघ वर राहणार, सोयाबीनची खाली, मध्ये भलं मोठं अंतर. मग वाटतं, दोन अक्ष घेऊ. डावीकडे कापूस, उजवीकडे सोयाबीन. मॅटप्लॉटलिबमध्ये त्यासाठी ‘ट्विनएक्स’ आहे, एका ओळीचं काम.

सावध राहा. दोन अक्ष आले की दोन्हींच्या चौकटी तुमच्या हातात आल्या. तुम्हाला हव्या त्या वर्षी त्या रेघा एकमेकींना भेटवता येतात, ओलांडायला लावता येतात, बहिणींसारख्या हातात हात घालून चालवता येतात. त्या भेटीला काहीही अर्थ नसतो. ती तुम्ही घडवलेली असते.

यापेक्षा साधा मार्ग असा. प्रत्येक पिकाच्या सगळ्या आकड्यांना त्याच्या पहिल्या वर्षाच्या भावाने भागा आणि १०० ने गुणा. दोघांची सुरुवात १०० वर. मग एकच अक्ष पुरतो. २०१८-१९ मध्ये कापूस १३६ वर आणि सोयाबीन १३३ वर दिसेल. पुढच्याच वर्षी सोयाबीन १४५ वर गेलं, कापूस १३९ वर राहिला. शेवटी कापूस २०३ आणि सोयाबीन २०८. म्हणजे बारा वर्षांत दोघं जवळपास बरोबरीने चालले. दोन अक्षांच्या ग्राफवरून एवढं कळलं नसतं. एक गोष्ट तळटीपेत लिहायला विसरू नका : सोयाबीनच्या २०१६-१७ आणि २०१७-१८ च्या जाहीर भावात बोनस धरलेला होता. तळटीप लिहिणारा मुलगा व्हायवाला कधी अडकत नाही.

आता रंगांकडे. अकोल्याचा उन्हाळा हा तयार विषय आहे. मे २०२४ च्या शेवटच्या आठवड्यात उष्णतेमुळे जिल्ह्यात १४४ कलम लावावं लागलं होतं आणि शिकवणी वर्गांच्या वेळा बदलायला सांगितल्या होत्या. तुमच्यापैकी काहींनी ते अनुभवलंय. वर्षं उभी, महिने आडवे, आणि प्रत्येक चौकटीला तापमानाप्रमाणे रंग, असा तक्ता ‘इमशो’ने छान निघतो. त्याला हीटमॅप म्हणतात. अकोल्याला नाव शोभतं.

पण रंग कोणते? पूर्वी मॅटप्लॉटलिब स्वतःहून ‘जेट’ नावाची रंगपट्टी द्यायची. निळा, हिरवा, पिवळा, लाल, इंद्रधनुष्यासारखी. दिसायला झकास. अडचण अशी, की तिच्यात सगळ्यांत उजळ रंग मधला पिवळा असतो आणि दोन्ही टोकं गडद. डोळा उगाच मधल्या तापमानावर थांबतो. आणि प्रोजेक्टची झेरॉक्स काढली की गडद निळा जानेवारी आणि गडद लाल मे, दोन्ही सारखेच काळे! शिवाय पुरुषांमध्ये साधारण बारा-तेरांमागे एकाला लाल-हिरव्यातला फरक नीट दिसत नाही. तुमच्या वर्गातही असा एखादा असणार, त्याला स्वतःलाही कदाचित माहीत नसेल. २०१७ मध्ये आलेल्या मॅटप्लॉटलिब २.० पासून ‘जेट’ची जागा ‘व्हिरिडिस’ने घेतली. गडद जांभळ्यापासून पिवळ्यापर्यंत ती एकाच दिशेने उजळत जाते. झेरॉक्स काढली तरी क्रम टिकतो. काही बदलू नका, जी येते तीच ठेवा.

अमरावती जिल्ह्याचा तक्ता काढणार असाल तर एक लक्षात असू द्या. चिखलदरा आणि अमरावती शहर एकाच जिल्ह्यात आहेत. दोन्हींची सरासरी काढून आलेलं हवामान जिल्ह्यात कुठल्याच गावाला नसतं. पावसाचंही तेच, मेळघाटातला पाऊस आणि दर्यापूरकडचा पाऊस एका स्तंभात कोंबू नका. दोन तक्ते काढा, शेजारी लावा.

वाशिमचं ‘वाशमि’

आता एक असा त्रास, जो लंडन-न्यूयॉर्कच्या विद्यार्थ्याला कधी होत नाही आणि तुम्हाला पहिल्याच दिवशी होणार आहे. ग्राफला मराठीत नाव द्यायला जाल, तर अक्षरांच्या जागी रिकाम्या चौकोनांची रांग येईल. घाबरू नका, तुमचं काही चुकलेलं नाही. मॅटप्लॉटलिब स्वतःसोबत जो फॉन्ट आणते त्यात देवनागरी अक्षरंच नाहीत. त्यावर उपाय सोपा. ‘नोटो सान्स देवनागरी’ हा फुकटचा फॉन्ट उतरवून घ्या आणि फॉन्ट म्हणून त्याचं नाव सांगा. चौकोन गेले, अक्षरं आली.

आणि मग खरी मजा सुरू होते. अमरावती विभागातल्या पाच जिल्ह्यांची नावं अक्षावर टाका. अमरावती बरोबर येतं. अकोला बरोबर. यवतमाळ बरोबर. बुलढाणाही बरोबर. आणि वाशिमचं होतं ‘वाशमि’!

का? आपण ‘शि’ टाइप करतो तेव्हा कम्प्युटर आधी ‘श’ साठवतो आणि मग वेलांटी, कारण उच्चाराचा क्रम तो आहे. पण लिहिताना ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी काढायची असते. ही अदलाबदल, जोडाक्षरांची जुळणी, रफार डोक्यावर चढवणं, हे सगळं फॉन्ट एकटा करत नाही. त्यासाठी अक्षरांची मांडणी करणारा वेगळा प्रोग्राम लागतो. ब्राउझरमध्ये तो असतो, फोनमध्ये असतो. मॅटप्लॉटलिब मात्र वर्षानुवर्षं अक्षरं एकामागे एक नुसती ठेवत आली. इंग्रजीला तेवढं पुरतं. त्यामुळे वेलांटी ‘श’च्या नंतर बसली आणि आपल्या डोळ्यांनी ती पुढच्या ‘म’ला चिकटवली. बाकीच्या चार नावांत ना ऱ्हस्व वेलांटी, ना जोडाक्षर, म्हणून ती सुटली. ‘विदर्भ’ लिहून बघा, वेलांटी पळालेली आणि रफाराचा पाय मोडलेला दिसेल. ‘क्विंटल’ची अवस्था तर बघवत नाही.

ही तक्रार एकट्या मराठीची नाही. हिंदी, बंगाली, तमिळ, उर्दू सगळ्यांची आहे. लायब्ररी चालवणारी मंडळी ही मांडणी सुधारण्याच्या कामाला लागली आहेत, म्हणून आधी तुमच्याकडची आवृत्ती नवी करून घ्या आणि ‘वाशिम’ लिहून तपासा. तरीही ‘वाशमि’च आलं तर एक युक्ती आहे. ग्राफ पीएनजीऐवजी एसव्हीजी प्रकारात साठवा, आणि त्याआधी ‘एसव्हीजी डॉट फॉन्टटाइप’ या सेटिंगला ‘नन’ करून ठेवा. मग मॅटप्लॉटलिब अक्षरांची चित्रं काढत बसत नाही, मजकूर जसाच्या तसा फाइलमध्ये ठेवते. ती फाइल ब्राउझरमध्ये उघडलीत की मांडणीचं काम ब्राउझर करतो आणि वाशिम पुन्हा वाशिम होतं. प्लॉटली नावाची दुसरी लायब्ररी ग्राफ थेट ब्राउझरमध्येच काढते, तिथे हा प्रश्नच येत नाही.

‘कशाला एवढी खटपट, इंग्रजीत लिहा ना’ असं तुम्हाला कुणीतरी सांगेलच. प्रोजेक्ट गाइडसाठी असेल तर लिहा. पण ग्राफ घरी दाखवायचा असेल, किंवा बाजार समितीच्या ओट्यावर कुणाच्या हातात द्यायचा असेल, तर इंग्रजी लेबलांचा काय उपयोग?

कारण खरा ग्राफ घरीच आहे. आपण आत्तापर्यंत जी रेघ काढली ती जाहीर झालेल्या भावाची. घरात आलेल्या पैशाची नाही. २०२२ च्या सुरुवातीला बाजारात कापूस दहा हजारांच्या वर गेला होता, तेव्हा हमीभाव ६०२५ होता. आणि हमीभावाच्या खाली माल द्यावा लागला ती वर्षं कुठली, ते तुमच्या वडिलांना तोंडपाठ असेल. म्हणून या दिवाळीच्या सुटीत एक करा. जुन्या हिशोबपट्ट्या, जिनिंगवरच्या काटापट्ट्या शोधा. देव्हाऱ्यामागे, गादीखाली, बियाण्याच्या रिकाम्या पिशवीत, कुठेतरी गठ्ठा असतोच. प्रत्येक पट्टीवर तारीख असते, वजन असतं, भाव असतो. हमीभावाची रेघ काढा आणि तिच्यावर ‘स्कॅटर’ने आपल्या पट्ट्यांचे ठिपके टाका. रेघेच्या वर किती पडले आणि खाली किती, ते मोजायलाही लागणार नाही. वाटलं तर ठिपक्याचा आकार क्विंटलप्रमाणे ठेवा. त्यासाठी ‘एस’ नावाचा पर्याय आहे आणि तो ठिपक्याचं क्षेत्रफळ बदलतो, उंची नाही. त्यामुळे रोड रोलरचा घोळ इथे होत नाही.

एखाद्या वर्षाची पट्टी सापडणार नाही. कदाचित हरवली असेल. कदाचित ते वर्ष २०१७ असेल, गुलाबी बोंडअळीचं, जेव्हा विदर्भात कित्येकांनी उभ्या पऱ्हाटीत जनावरं सोडली किंवा नांगर फिरवला. त्या हंगामात हमीभाव ४३२० होता, तो आपल्या तेरा आकड्यांत अगदी व्यवस्थित बसलेला आहे. विकायला कापूसच नसेल तर पट्टी कुठून येणार? तिथे मागच्या-पुढच्या वर्षाची सरासरी टाकू नका आणि शून्यही टाकू नका. भाव शून्य नव्हता, कापूस नव्हता. यादीत त्या जागी ‘नॅन’ लिहा. मॅटप्लॉटलिब तिथे ठिपका टाकत नाही, आणि रेघ काढत असाल तर रेघ तोडते. मोकळी जागा मोकळीच राहते. ती का मोकळी आहे, ते वडिलांना विचारून बाजूला मराठीत लिहा. ‘बोंडअळी’ या शब्दात ऱ्हस्व वेलांटी नाही, जोडाक्षर नाही, तो बरोबर छापला जाईल.